बीथोव्हनची पाचवी: इतक्या रेकॉर्डिंग्जमधून आपलं कोणतं निवडायचं?

बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) माझी पहिली कॅसेट जुन्या बाजारातून आणलेली होती. वरच्या कागदावर बीथोव्हनचा चेहरा होता, कंडक्टरचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तिसरी मूव्हमेंट, म्हणजे सिम्फनीचा तिसरा भाग, संपत आली की आवाज हळूहळू विझत जायचा, टेप खट्कन थांबायची, मी कॅसेट उलटी घालायचो आणि चौथी मूव्हमेंट दणक्यात सुरू व्हायची. कित्येक वर्षं मला ती दोन वेगळी दालनं वाटत होती. पुढे एका मित्राकडे सीडीवर ऐकताना कळलं की मध्ये भिंतच नाही. तिसरी मूव्हमेंट थांबतच नाही, अंधारातून सरपटत थेट चौथीच्या उजेडात येते. ते अर्धं मिनिट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून या सिम्फनीचं कुठलंही रेकॉर्डिंग हाती आलं की मी आधी तेच अर्धं मिनिट ऐकतो.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पाचवीची रेकॉर्डिंग्ज शेकड्यांनी आहेत, त्यामुळे सगळे आधी एकच विचारतात, "सगळ्यात चांगलं कोणतं?" मला हा प्रश्न उपयोगाचा वाटत नाही. सगळ्यात चांगला यमन कोणाचा, असं आपण कुठे विचारतो? आपण विचारतो, सुरुवात कोणापासून करू आणि त्यात काय ऐकू. इथेही तेच करायचं आहे.

पहिली पायरी: कृतीची तोंडओळख

नाव नीट लक्षात ठेवा: सिम्फनी क्रमांक 5, सी मायनर, ओपस 67 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक). पहिला प्रयोग 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नातल्या थिएटर अन डेर वीनमध्ये झाला. त्याच संध्याकाळी सहावी सिम्फनी, चौथा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) आणि आणखी बरंच काही होतं. चार तासांचा कार्यक्रम, कडाक्याची थंडी आणि अपुरा सराव.

मूव्हमेंट चार. पहिली सगळ्यांच्या कानावरची. सी हा आपला सा धरला तर तिची सुरुवात अशी: प प प ग, म म म रे. यातला ग कोमल. दुसरी संथ, चेलो आणि व्हायोला या व्हायोलिनच्या कुळातल्या, खालच्या सुरांच्या वाद्यांच्या गाण्याने उघडणारी. तिसरी म्हणजे स्केर्झो, ही चपळ वळणाची मूव्हमेंट; तिच्यात चेलो आणि डबल बास खालून दबकत वर येतात. तिला जोडूनच चौथी, सी मेजरमध्ये: सा ग प, म ग रे सा रे सा. कोमल ग जाऊन शुद्ध ग येतो. हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला हा बदल समजावून सांगावा लागत नाही, तो आपोआप कळतो.

आपल्याकडच्या ऐकण्यात आणि या ऐकण्यात एक फरक आहे, तो आधीच मनात ठेवा. बंदिश तीच असली तरी गवय्याचा विस्तार त्याचा स्वतःचा असतो. इथे प्रत्येक सूर लिहिलेला आहे, उपजेला जागा नाही. मग कंडक्टरच्या हाती काय राहतं? लय, दाब, विराम (म्हणजे एखादा सूर थांबवून धरणं) किती लांबवायचा, कोणतं वाद्य पुढे आणायचं. एवढ्याच भांडवलावर दोन रेकॉर्डिंग्ज इतकी वेगळी होतात की अनोळखी कानाला कृतीच वेगळी वाटावी.

दुसरी पायरी: ऐकण्याची जागा आणि फोनचं सेटिंग

हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. माझ्या कॅसेटने जे केलं तेच आजचा फोनही करू शकतो.

अ‍ॅपमधलं शफल बंद करा. एक गाणं विरत असताना दुसरं त्यात मिसळणारं क्रॉसफेड नावाचं सेटिंग असतं, तेही बंद. ट्रॅकच्या मध्ये अंतर न सोडता वाजवण्याचं, म्हणजे गॅपलेस, सेटिंग चालू ठेवा. तिसरी आणि चौथी मूव्हमेंट बहुतेक वेळा वेगळे ट्रॅक असतात, पण संगीत अखंड असतं. अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी सगळं गेलं. जाहिराती येणारं फुकटचं खातं असेल तर संपूर्ण सिम्फनी एकाच व्हिडिओत असलेलं रेकॉर्डिंग शोधा, आणि तिथेही मध्येच जाहिरात येते का ते आधी सरकवून बघा.

सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं नॉर्मलायझेशनही काढून टाका. या संगीतात कुजबुज आणि गर्जना यांतलं अंतर मोठं आहे आणि ते मोठंच राहायला हवं. म्हणून लोकलमध्ये किंवा रस्त्याने चालताना पहिलं ऐकणं करू नका. हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवाल आणि पुढच्याच क्षणी कानठळ्या बसतील. रात्री, पंखा हळू करून, साध्या पण नीट बसणाऱ्या हेडफोनवर ऐका. महागडी यंत्रणा लागत नाही.

तिसरी पायरी: पाटी वाचायला शिका

नुसतं "बीथोव्हन फिफ्थ" शोधलंत तर वाट्टेल ते समोर येईल. चार गोष्टी बघायच्या: कंडक्टर, ऑर्केस्ट्रा, वर्ष आणि मूळ कंपनी. यातलं वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान यांनी पाचवी अनेकदा रेकॉर्ड केली: 1948 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर, 1954 मध्ये लंडनच्या फिलहार्मोनियाबरोबर, पुढे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर 1962 मध्ये आणि त्यानंतरही. "कारायानची पाचवी" म्हटल्याने काहीच कळत नाही. विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांच्या बाबतीत तर मैफलींची थेट रेकॉर्डिंग्ज धरून ही संख्या दहाच्या वर जाते.

वर्षावरून ध्वनीचाही अंदाज येतो. 1925 च्या आधीची रेकॉर्डिंग्ज मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर दाटीवाटीने बसून केलेली. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतची मोनो, म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा एकाच खिडकीतून ऐकल्यासारखा. त्यानंतर हळूहळू स्टिरिओ आलं. मोनोला घाबरू नका, पण पहिलं रेकॉर्डिंग स्टिरिओच घ्या. ऑर्केस्ट्रात कोण कुठे बसलंय हे कानाला एकदा कळलं की मोनो ऐकतानाही मन ती जागा भरून काढतं.

एक सापळा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, आणि इतर देशांतही कुठली ना कुठली मुदत असतेच. त्यामुळे जुनी रेकॉर्डिंग्ज कोणीही काढू शकतं. एकच फुर्टवेंग्लर वीस निरनिराळ्या मुखपृष्ठांखाली सापडतो. त्यात काही ठिकाणी खरखर घालवण्याच्या नादात व्हायोलिनचा श्वासच कापलेला असतो आणि वर्ष चुकीचं छापलेलं असतं. मूळ कंपनीची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. ज्यावर कंडक्टरचं नाव नाही, ते घेऊच नका.

चौथी पायरी: घड्याळाचा हिशेब

वाजवण्याआधीच रेकॉर्डिंगबद्दल बरंच कळू शकतं, तेही फक्त ट्रॅकची लांबी बघून.

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, निघाल्यावर बीथोव्हनने आपल्या सिम्फनींच्या लयी आकड्यांत दिल्या आणि त्या 1817 मध्ये छापल्या गेल्या. पहिल्या मूव्हमेंटसाठी त्याचा आकडा मिनिटाला 108 बार असा पडतो. बार म्हणजे लयीचं एक छोटं आवर्तन समजा. मूव्हमेंटमध्ये 502 बार आहेत. सुरुवातीचे 124 बार पुन्हा वाजवायचे आहेत, म्हणजे एकूण 626. भागाकार केला तर पावणेसहा मिनिटांच्या थोडं वर उत्तर येतं. विराम धरून सहा-सव्वासहा म्हणू.

आता ट्रॅक बघा. साडेसहाच्या आत असेल तर कंडक्टरने बीथोव्हनचे आकडे मनावर घेतलेत. सव्वासातच्या आसपास असेल तर विसाव्या शतकातली रुळलेली द्रुत लय. ओटो क्लेम्पेरर यांचं 1959 चं रेकॉर्डिंग जवळपास नऊ मिनिटांचं आहे! आणि कुठे पाच-साडेपाच मिनिटं दिसली तर वेगापेक्षा पुनरावृत्ती गाळली असण्याची शक्यता जास्त.

शेवटच्या मूव्हमेंटलाही, म्हणजे फिनालेलाही, अशीच एक लिहिलेली पुनरावृत्ती आहे, तिला सुमारे दोन मिनिटं लागतात. नऊ मिनिटांचा फिनाले दिसला तर बहुधा ती गाळलेली आहे, अकराच्या जवळ असेल तर वाजवलेली आहे. जुन्या काळी सर्रास गाळत. मला ती हवी असते. पहिल्यांदा तो सी मेजर ऐकताना आपण दिपून गेलेलो असतो, दुसऱ्यांदा तो खरा वाटायला लागतो. तिसरी मूव्हमेंट बहुतेक ठिकाणी पाच-सहा मिनिटांची असते. आठ दिसली तर कंडक्टरने स्केर्झो आणि मधला भाग दोनदा घेतला आहे. बीथोव्हनला नेमकं काय हवं होतं यावर अभ्यासकांचा वाद आहे, आपण त्यात पडायची गरज नाही.

पाचवी पायरी: चार जागा ऐका

सगळी सिम्फनी दहा रेकॉर्डिंग्जमध्ये ऐकणं नवख्या कानाला झेपत नाही. चार जागा ठरवून घ्या आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्याच ऐका.

पहिली जागा म्हणजे अगदी सुरुवात. प प प ग मधले तीन प समेच्या आधीचे आहेत आणि ग समेवर येतो. पहिल्या बारची पहिली अर्धी मात्रा तर चक्क रिकामी आहे, ती कंडक्टरच्या हातात असते, कानाला मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी ते तीन प तिश्र जातीत, गोलाकार, सैलसर वाजतात. चांगल्या वादनात ते समेकडे ढकलले जातात. मग ग वर विराम, पुढच्या रे वर त्याहून मोठा विराम. स्वरलिपीत दुसरा सूर खरंच एका बारने जास्त लांब लिहिलेला आहे. हा फरक कोण पाळतं, कोण दोन्ही सारखेच धरतं, ते ऐका.

दुसरी जागा ओबोची, शहनाईसारख्या फुंकवाद्याची. पहिल्या मूव्हमेंटच्या एकूण वेळेचा दोन तृतीयांश भाग संपण्याच्या थोडं आधी सगळा गदारोळ थांबतो आणि एकटा ओबो लहानसा आलाप घेतो, मोजून काही सूर. या दगडी मूव्हमेंटमध्ये माणसाचा आवाज असा तेवढाच. काही वादक तो घाईने उरकतात. ज्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे तुमचा श्वास अडकेल, त्यावर खूण करा.

त्याच्या लगेच पुढे तिसरी जागा. मूव्हमेंटच्या पूर्वार्धात हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) एक हाक देतात आणि मग दुसरी, हळुवार धून येते. उत्तरार्धात तीच हाक वेगळ्या पट्टीत येते. त्या काळच्या झडपा नसलेल्या हॉर्नना तिथले सूर नीट मिळत नव्हते, म्हणून बीथोव्हनने ती बासूनना (ओबोच्या कुळातल्या, खालच्या सुरांच्या फुंकवाद्यांना) दिली. पुढे झडपांचे हॉर्न आले आणि अनेक कंडक्टरांनी, त्यालाही हेच हवं असणार असं म्हणत, हॉर्नच वापरले. जुनी वाद्यं वापरणारे बासूनवरच राहतात. हॉर्नचा आवाज भरदार, बासूनचा घोगरा, जरा अडखळल्यासारखा. मी बासूनच्या बाजूचा आहे: तो घोगरेपणा ऐकताना कोणीतरी ताकद संपत आली असतानाही हाक मारतंय असं वाटतं.

चौथी जागा तुम्ही ओळखली असेलच. तिसऱ्या मूव्हमेंटच्या शेवटी तंतुवाद्यं एक सूर धरून बसतात आणि नगाऱ्यासारखी टिंपनी अगदी हळू ठोके देत राहते. व्हायोलिन्स चाचपडत वर चढू लागतात. हे सुमारे 50 बार चालतं, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास, आणि आवाज वाढवण्याची मुभा अगदी शेवटच्या काही बारांत आहे. वाईट रेकॉर्डिंगमध्ये कंडक्टरला धीर निघत नाही. तो अर्ध्या वाटेतच आवाज वाढवायला लागतो, आणि दार उघडायच्या आधीच उजेड आत आलेला असतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटपर्यंत खात्री वाटत नाही की हे कुठे पोहोचणार आहे. मग फिनालेचा पहिला सा. तिथे ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीची पितळी वाद्यं, ऐका. तिन्ही ट्रॉम्बोन, पिकोलो (छोटी, उंच सुरांची बासरी) आणि काँट्राबासून (आणखी खालच्या सुरांचा बासून) आधीच्या तीन मूव्हमेंटमध्ये एक सूरही वाजवत नाहीत, इथेच पहिल्यांदा सामील होतात. खालून सगळी इमारत उचलल्यासारखा भरणा जाणवला पाहिजे.

सहावी पायरी: तीन रेकॉर्डिंग्ज घ्या

नऊ सिम्फनींचा मोठा संच स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच घेऊ नका. आधी एकाच सिम्फनीची तीन रूपं ऐका.

पहिलं, कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक, 1974, कंपनी डॉइचे ग्रामोफोन. सातव्या सिम्फनीबरोबर एकाच सीडीवर मिळतं. जवळपास प्रत्येक यादीत हेच असतं आणि इथे मी यादीशी सहमत आहे. क्लायबर फार थोडं रेकॉर्ड करत. पहिली मूव्हमेंट सव्वासात मिनिटांच्या किंचित वर, फिनालेची पुनरावृत्ती घेतलेली, ध्वनी स्वच्छ. पण त्याची खरी ताकद वेगात नाही. लय ताणलेल्या तारेसारखी आहे, कुठेच सैल पडत नाही, तरी प्रत्येक वाक्याला श्वास आहे. पहिलं म्हणून हेच घ्या. कार्लोसचे वडील एरिख क्लायबर यांचं आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ ऑर्केस्ट्राबरोबरचं 1953 चं रेकॉर्डिंगही नावाजलेलं आहे. ते मोनो आहे, पुढेमागे नक्की ऐका. घराणं म्हणजे काय ते दोन्ही ओळीने ऐकल्यावर जाणवतं.

दुसरं, फुर्टवेंग्लर आणि बर्लिन फिलहार्मोनिक, मे 1947. नाझी काळात जर्मनीतच राहिल्यामुळे युद्धानंतर त्यांची चौकशी झाली. तिच्यातून सुटल्यावर उद्ध्वस्त बर्लिनमध्ये आपल्या ऑर्केस्ट्रासमोर ते पुन्हा उभे राहिले, त्या मैफलींपैकी ही एक. मोनो आहे आणि ध्वनी मर्यादित आहे. लय एकसारखी नाही, विराम लांबच लांब, दोन मूव्हमेंटमधला तो अंधार इतका गडद की पहिल्यांदा ऐकताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. फिनालेच्या शेवटी मात्र ऑर्केस्ट्रा बेभान धावतो. क्लायबरनंतर लगेच ऐकलंत तर ही चुकीची पाचवी वाटेल, म्हणून मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

तिसरं, जॉन इलियट गार्डिनर आणि त्यांचा ऑर्केस्ट्र रेव्होल्युसियोनेर ए रोमँतिक, 1994 मध्ये निघालेल्या संचातलं. वाद्यं बीथोव्हनच्या काळच्या धाटणीची: आतड्याच्या तारा, झडपा नसलेले हॉर्न, कडक काठ्यांनी वाजवलेली टिंपनी. पट्टी आजच्यापेक्षा किंचित खाली, लय बीथोव्हनच्या आकड्यांजवळ. ऑर्केस्ट्रा लहान असल्याने लाकडी फुंकवाद्यं तंतुवाद्यांखाली दबत नाहीत. फुर्टवेंग्लरनंतर हे ऐकलं की धूळ झटकलेलं चित्र बघितल्यासारखं वाटतं, थोडं गूढ हरवल्यासारखंही.

जुन्या वाद्यांचा खरखरीतपणा नको पण लय तीच हवी असेल तर रिकार्डो शाई आणि लाइप्झिग गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा घ्या, 2011 मध्ये निघालेला संच. आणि ज्यांना भव्यता हवी आहे, ज्यांना घाईचा तिटकारा आहे, त्यांनी क्लेम्पेरर 1959 कडे जावं. पहिल्या पाच मिनिटांत ते जड वाटेल. फिनालेपर्यंत थांबा.

सातवी पायरी: महिनाभराचं ऐकणं

पहिले दोन आठवडे फक्त क्लायबर, पूर्ण, मध्ये न थांबता. साधारण तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात. पाच-सहा वेळा ऐकून झालं की तिसरीच्या शेवटी काय येणार ते शरीराला माहीत होतं, आणि ते झाल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही. तिसऱ्या आठवड्यात फुर्टवेंग्लर, चौथ्यात गार्डिनर. वहीत तारीख, कंडक्टर, वर्ष आणि वरच्या चार जागांबद्दल प्रत्येकी एक ओळ लिहा. "चांगलं", "भारी" असे शब्द लिहू नका. "ओबो घाईत", "टिंपनी ऐकूच आली नाही", "दुसरा विराम पहिल्याइतकाच" असं लिहा. समीक्षा वाचायच्याच असतील तर महिना संपल्यावर वाचा.

महिन्याच्या शेवटी क्लायबर आवडेनासा झाला तरी बिघडत नाही. माझ्या घरातच मतभेद आहेत. मी क्लायबरकडे परत परत जातो, आणि माझ्या बहिणीला क्लेम्पेररशिवाय दुसरं चालत नाही. ती म्हणते, "बाकीचे सगळे गाडी पकडायला निघाल्यासारखे वाजवतात." तिचं कारण मला पटत नाही, पण तिने ते ऐकून ऐकून कमावलेलं आहे.

शेवटची पायरी: एकदा समोर बसून

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. त्यांचं वेळापत्रक अधूनमधून बघत जा. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना तर आपल्या शहराच्या ऑर्केस्ट्राकडून पाचवी ऐकायची संधी कधी ना कधी मिळेलच. शक्य असेल तर बाल्कनीत पुढची जागा घ्या, तिथून मागच्या रांगाही दिसतात.

ट्रॉम्बोनवाले तिघे कुठे बसलेत ते आधीच हेरून ठेवा. जवळजवळ वीस-बावीस मिनिटं ते मांडीवर हात ठेवून गप्प बसलेले असतील. टिंपनीचे हळू ठोके सुरू झाले, व्हायोलिन्स चाचपडू लागले, की नजर त्यांच्यावर ठेवा. आधी ते सावरून बसतील. मग तिघंही वाद्यं ओठांशी नेतील.

रेकॉर्डिंगमध्ये हे दिसत नाही. पण एकदा पाहिलं की पुढे हेडफोनवर ऐकतानाही त्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला त्या तिघांनी घेतलेला श्वास ऐकू येईल.